सोमवारची वाट पाहणारा समाज

दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांच्या घरी कम्युनियन घेऊन जाण्याचा आमचा परिपाठ आहे. गुरुदीक्षेनंतर आम्ही प्रथम एका धर्मग्रामात रुजू झालो, तेव्हा हाती पडणाऱ्या आजाऱ्यांच्या यादीत बहुतेक नावे ऐंशीच्या पुढची असत. आज त्या यादीत आमच्याच वयाची, क्वचित आमच्याहून धाकटी नावे वाचावी लागतात आणि मनाला चटका बसतो.

मागे एकदा पावसाळ्यात अशाच एका घरी गेलो होतो. गृहस्थ बावन्न वर्षांचे. उमदा स्वभाव, गावच्या प्रत्येक कार्यात पुढे. मधुमेह जुना. प्रार्थना आटोपल्यावर ते मोठ्या उत्साहाने म्हणाले, "फादर, एकदा बरा झालो ना, की सोमवारपासून रोज पाच किलोमीटर चालायचं ठरवलंय." त्यांच्या पत्नीने मान फिरवली. पांघरुणाखाली त्यांचा उजवा पाय घोट्याच्या वर संपत होता.

आम्ही निरुत्तर झालो. ते वाक्य त्यांच्या मनाने नव्हे, त्यांच्या जिभेने उच्चारले होते. वर्षानुवर्षे ते हेच म्हणत आले होते, आणि दर वेळी "वा, छान!" म्हणून आम्हीही त्यांच्या पाठीवर थाप देत आलो होतो. प्रस्तुत लेखाचा रोख त्या सज्जनावर मुळीच नाही. तो आहे त्या 'सोमवारा'वर, आणि त्या सोमवाराला टाळ्या देणाऱ्या आम्हा सर्वांवर.

आमचे म्हणणे प्रारंभीच स्पष्ट शब्दांत मांडतो. आरोग्याच्या बाबतीत भव्य संकल्प हा मित्राचा वेष घेतलेला शत्रू आहे. पाच किलोमीटरचा निश्चय करणारा माणूस त्या दिवशी पाचशे पावलेही चालत नाही. कारण निश्चय केल्याचे समाधान त्याला चालण्याआधीच मिळून गेलेले असते. संकल्प जितका मोठा, तितकी तो पुढे ढकलण्याची सबब सोपी. उलट रोजच्या चहातून एक चमचा साखर कमी करण्याला सोमवार लागत नाही. ते आत्ता, याच कपात करता येते. म्हणूनच ते आम्हाला नको असते.

प्रश्न किरकोळ नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने देशभर झालेल्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे साडेतेरा कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. सर्व राज्यांत सर्वाधिक प्रमाण आढळले ते गोव्यात : २६.४ टक्के, म्हणजे प्रौढांमध्ये चारांत एकाहून अधिक. गोव्याशी आपले नातेगोते आणि येणेजाणे आहे; तेव्हा हा आकडा परका मानून पान उलटण्याची सोय आपल्याला नाही. त्याच पाहणीत तिघांत एकाहून अधिक प्रौढांना उच्च रक्तदाब असल्याचे दिसून आले.

हे कसे झाले? आपल्या वसईच्या वाडवडिलांनी व्यायाम हा शब्दही उच्चारला नसेल. पण पहाटे रहाटावर उभे राहणे, बावखलाचे पाणी वाडीला पाजणे, पानवेलींची निगा राखणे, भाजीची टोपली घेऊन स्टेशन गाठणे, हा त्यांचा नित्यक्रम होता. त्या कष्टाला पानभर भात शोभत असे. आज रहाट बंद पडला, बावखले बुजली, वाडीत इमारत उभी राहिली. भात मात्र तेवढाच राहिला. कष्टकऱ्याचे ताट आपण कारकुनाच्या मेजावर आणून ठेवले, त्याच्या बाजूला शीतपेयाची बाटली ठेवली, आणि देह थकू लागल्यावर दैवाला बोल लावला.

त्या जुन्या काळाचे आम्ही गोडवे गात नाही. तेव्हाही माणसे अकाली जात. विषमज्वराने, क्षयाने, बाळंतपणात जात. तो काळ परत यावा असे कोणी शहाणा म्हणणार नाही. परंतु त्या काळात आरोग्याचा एक भाग कोणाच्याही इच्छाशक्तीवर अवलंबून नव्हता. तो दिनक्रमातच विणलेला होता. तो धागा उसवला, त्याच्या जागी आपण दुसरा घातला नाही, एवढेच आमचे म्हणणे.

या धाग्याचे मोल लंडनच्या बसगाड्यांनी जगाला दाखवून दिले. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी तेथील दुमजली बसच्या चालकांची व वाहकांची तुलना केली आणि १९५३ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. दोघे एकाच गाडीत, एकाच धुरात, सारख्याच वेळा काम करणारे. फरक एवढाच की चालक दिवसभर बसून असे आणि वाहक तिकिटे देताना दिवसाला ५०० ते ७५० पायऱ्या चढत-उतरत असे. हृदयविकाराचे प्रमाण वाहकांत कमी निघाले. घरोघर टपाल वाटणारे पोस्टमन आणि मेजामागे बसणारे कारकून यांच्यातही तोच फरक आढळला. चालक मुळातच अधिक स्थूल असतील काय, ही शंका मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी नोकरीच्या गणवेशांची मापे पाहून स्वतःच तपासली, आणि तिच्यात तथ्य असल्याचे सांगून टाकले. पुढील अनेक अभ्यासांनी मात्र मूळ निष्कर्षाला बळकटीच दिली. त्या वाहकांपैकी कोणी सोमवारचा संकल्प केला होता काय? त्यांना फक्त तिकिटे द्यायची होती.

आता आमच्या समाजातील आरोग्यकार्याकडे वळू. वर्षातून एकदा वैद्यकीय शिबिर भरते. मंडप पडतो, फलक लागतात, पाहुण्यांचे स्वागत होते. रक्तातील साखर मोजून झाली की त्याच रांगेच्या शेवटी सामोसा, जिलेबी आणि गोड चहा मिळतो! मग एखादे वर्षी दौड निघते. छातीवर नाव छापलेले गंजीफ्रॉक वाटले जातात, छायाचित्रे निघतात, आणि दौडीच्या स्थळापर्यंत चारशे मीटरवर राहणारी मंडळी दुचाकीवरून येतात. या उपक्रमांमागच्या कार्यकर्त्यांच्या तळमळीविषयी आम्हाला आदर आहे. शिबिरात एखाद्याचा दडलेला आजार उघडकीस येतो, हेही खरे. पण वर्षातल्या ३६५ दिवसांपैकी ३६४ दिवसांचे काय, असे विचारले की सारे एकमेकांकडे पाहतात. शिबिर हाही समाजाचा एक 'सोमवार'च होऊन बसला आहे.

या आरोपातून आम्ही स्वतःला वगळत नाही. सेमिनरीत असताना घंटेवर उठणे, घंटेवर जेवणे आणि जेवणानंतर दोघातिघांनी मिळून आवारात फेऱ्या घालणे असा क्रम होता. तेव्हा ती घंटा आम्हाला जाचक वाटे. दीक्षा झाली, घंटा गेली, स्कूटर आली. आणि ज्या घरी जावे तेथे बशी पुढे आली. डॉक्टरांनी खडसावले तेव्हा एका राखेच्या बुधवारी आम्हीही घोर प्रतिज्ञा केली : रोज पहाटे एक तास चालणे, साखर बंद, भात बंद. महागडे बूट आणले. नवव्या दिवशी पहाटे एका घरून मृत्यूची वर्दी आली, दहाव्या दिवशी जागरण होते, अकराव्या दिवशी बूट कपाटात गेले. आणि ईस्टरच्या दिवशी भात व साखर या दोघांनीही आमच्यावर सूड उगवला.

पुढे एका वयस्क धर्मभगिनीने आम्हाला जे सांगितले ते कोणत्याही ग्रंथाहून अधिक उपयोगी ठरले. "फादर, तासाचं सोडा. सकाळची मिस्सा झाली की दफनभूमीच्या फाटकापर्यंत जा आणि परत या. तेवढंच." जाऊन-येऊन दहा मिनिटे. प्रथम हसू आले. पण मिस्सा तर रोजच होते. तिच्या शेपटाला बांधलेली ही फेरीही रोज होऊ लागली. काही महिन्यांनी रात्रीच्या जेवणानंतर तशीच दुसरी फेरी आपोआप जुळली. दफनभूमीत कायमचे जाण्यापूर्वी रोज तेथे जाऊन परत येण्याची सवय असलेली बरी, असे आम्ही आता थट्टेने म्हणतो.

त्या भगिनीच्या अनुभवाला शास्त्राचाही आधार आहे. कोणतीही सवय एकवीस दिवसांत जडते, असा एक समज सर्वत्र रूढ आहे. त्याचे मूळ मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकन शल्यविशारदाच्या १९६० सालच्या पुस्तकात सापडते. चेहऱ्यावरील शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला आपला नवा चेहरा आपलासा वाटायला किमान एकवीस दिवस लागतात, असे त्यांचे निरीक्षण होते. 'किमान' हा शब्द वाटेत गळून पडला आणि नव्या चेहऱ्याचा हिशेब सर्व सवयींना लागू झाला. लंडन विद्यापीठाच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लाली व त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ स्वयंसेवकांचा १२ आठवडे अभ्यास केला. प्रत्येकाने खाण्यापिण्याची वा हालचालीची एकच साधी कृती निवडून ती रोजच्या एखाद्या ठरलेल्या घटनेला जोडायची होती. ज्यांच्या सवयीची वाढ नीट मोजता आली, त्यांना ती अंगवळणी पडण्यास मध्यम मानाने ६६ दिवस लागले. कोणाला १८ दिवस, तर कोणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की एखादा दिवस चुकल्याने सवयीच्या वाढीत फारसा खंड पडला नाही.

वाचकहो, या शेवटच्या वाक्यावर क्षणभर थांबावे. आमचे बहुसंख्य संकल्प पहिल्या चुकीनेच मरतात. एक दिवस चुकला की 'आता गेलेच' असे म्हणून माणूस पुढच्या सोमवारची वाट पाहू लागतो. खरे तर चुकलेल्या दिवसाचे औषध पुढचा सोमवार नसून उद्याची सकाळ हे आहे.

आमच्या परंपरेला हे नवे नाही. संत इग्नेशियस लोयोला यांच्या ज्या साधनाग्रंथाला १५४८ साली पोपमहोदयांची मान्यता मिळाली, त्यात स्वतःच्या एकाच विशिष्ट दोषाची रोज दोनदा तपासणी करण्याची रीत दिली आहे. कागदावर आठवड्याच्या प्रत्येक दिवसासाठी रेघा ओढायच्या, जितक्या वेळा चूक झाली तितके ठिपके द्यायचे. मग दिवसाची तुलना दिवसाशी आणि आठवड्याची आठवड्याशी करायची. एका वेळी एकच दोष, आणि संताप न करता मोजणी! आत्म्यासाठी जी शिस्त आम्ही चारशेहून अधिक वर्षे शिकवीत आलो, ती देहासाठी क्षुद्र कशी ठरते, हे आम्हाला समजत नाही.

'एवढ्याशाने काय होणार?' हा पहिला आक्षेप. त्याला अंकगणितानेच उत्तर देऊ. दिवसातून चार कप चहा घेणाऱ्याने प्रत्येक कपात एक चमचा साखर कमी केली, आणि चमचा चार ग्रॅमचा धरला, तर दिवसाला १६ ग्रॅम वाचतात. वर्षाला ५ किलो ८४० ग्रॅम. अशा पाच माणसांच्या घरात वर्षाला २९ किलोंहून अधिक साखर पोटात जायची थांबते. सकाळी दहा व रात्री दहा मिनिटे चालणाऱ्याचे आठवड्याला १४० मिनिटे चालणे होते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटांची मध्यम हालचाल सांगितली आहे. उरलेली दहा मिनिटे रविवारी मिस्सेला पायी आल्याने भरून निघतात. सलग दहा मिनिटे चालले तरच ते धरावे, ही पूर्वीची अटही त्या संघटनेने २०२० साली काढून टाकली. आता प्रत्येक हालचाल हिशेबात धरली जाते. चाल मात्र जरा झपझप हवी. फाटकाफाटकाशी थांबून गावच्या वार्ता घेणे हा वेगळा कार्यक्रम आहे!

रोज दहा हजार पावले झालीच पाहिजेत, हाही असाच एक बागुलबुवा. हा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विक्रीस आलेल्या पावले मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून रूढ झाला. त्या नावाचा अर्थच दहा हजार पावलांचे माप असा होता. अमेरिकेतील सोळा हजारांहून अधिक वयस्क स्त्रियांचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० पावले चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण बरेच कमी आढळले. सुमारे ७,५०० पावलांपुढे अधिक फरक पडलेला दिसला नाही. थोडे चालणारा थोडा अधिक चालू लागला, तर सर्वांत मोठा लाभ त्यालाच आहे. दहा हजारांच्या धाकाने खुर्चीत बसून राहिलेल्या आमच्या बंधुभगिनींना हे कोणीतरी सांगायला हवे.

दुसरा आक्षेप आनुवंशिकतेचा. 'आमच्या घराण्यातच मधुमेह आहे.' घराण्यात मधुमेह असतो हे सत्यच आहे. पण घराण्यातून केवळ रक्त येत नाही, ताटही येते. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या नेतृत्वाखाली मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ भारतीयांवर झालेला प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. विशेष मार्गदर्शन न मिळालेल्या गटात तीन वर्षांत शंभरांपैकी ५५ जणांना मधुमेह झाला. रोज अर्धा तास चालणे, गोड व तेलकट कमी करणे असा साधा सल्ला आणि त्याचा नियमित पाठपुरावा मिळालेल्या गटात हे प्रमाण शंभरांत ३९ होते. सर्व वाचले नाहीत, हे प्रांजळपणे नोंदवू. पण जे सोळा वाचले, त्यांच्यातला एक आमच्या पहिल्या शुक्रवारच्या यादीतून कमी झाला असता, तर त्या घरी आज दोन पाय असते.

तिसरा आक्षेप धार्मिक भाषेत येतो : 'सर्व देवाच्या हाती आहे, फादर.' होय, आहे. पण साखरेचा चमचा आपल्या हाती आहे. ज्याने हात दिला त्याच्यावर हाताच्या कामाचा भार टाकणे याला श्रद्धा म्हणत नाहीत.

चौथा आक्षेप मात्र आम्हाला गप्प करतो. एका सभेत आम्ही हे सारे बोललो, तेव्हा मागच्या बाकावरील एका गृहिणीने विचारले, "फादर, पहाटे साडेचारला उठून डबे करते, सव्वासहाची लोकल पकडते, रात्री आठला परत येते. माझी दहा मिनिटं कुठली?" सभेत हशा पिकला. तो हशा आम्हाला लागला. घरातील पुरुषासाठी वेगळी भाकरी, सासूबाईंसाठी अळणी आमटी, मुलांसाठी तिसराच पदार्थ, या साऱ्या 'आरोग्यदायी सवयी' एकाच बाईच्या पाठीवर उभ्या राहतात. ज्या घरात जेवणानंतर पुरुष फेरी मारायला निघतो आणि स्त्री भांड्यांशी उभी राहते, त्या घराने सवय लावलेली नाही, फक्त काम ढकलले आहे. म्हणून आमची सूचना अशी की अशा घरातील पहिली लहान सवय पुरुषांनी भांडी घासण्याची असावी. उभ्याने होणारे ते काम आहे. देहालाही पथ्यकारकच ठरेल.

आणि रस्ते? ज्या गावात पदपथ नाही, असेल त्यावर दुकान आहे, आणि सायंकाळी टँकर अंगावरून जातो, तेथे 'चाला हो चाला' म्हणणे ही थट्टा आहे. ही लढाई एकट्यादुकट्याच्या निश्चयाची नाही, नगरपालिकेच्या दारात जाऊन मागण्याची आहे. दौडीला जमणारे पाचशे लोक एका पदपथासाठी जमले, तर त्या दौडीचे सार्थक होईल.

एक खबरदारीही सांगितली पाहिजे. लहान सवय ही औषधाची जागा घेत नाही. डॉक्टरांनी दिलेली गोळी सोडून कारल्याच्या रसावर विसंबणारे आम्ही पाहिले आहेत, आणि त्यांच्यासाठी मिस्साही अर्पण केली आहे. गोळी ठरलेल्या वेळी घेणे हीच कित्येकांसाठी पहिली व सर्वांत मोठी सवय होय. साखर व रक्तदाब नियमाने मोजून घेणे ही दुसरी. मधुमेही माणसाने रात्री झोपण्यापूर्वी आपली पावले धुऊन, पुसून, तळवे निरखणे ही तिसरी. दोन मिनिटांचे हे काम. ज्या घराच्या आठवणीने हा लेख सुरू झाला, तेथे तळव्याची एक लहानशी जखम तीन आठवडे कोणी पाहिलीच नव्हती.

मग धर्मग्रामाने काय करावे? मोठे काही करू नये, हीच आमची विनंती. सामोसा आणि जिलेबी यांच्या जागी आपल्याच बागेतील केळे ठेवावे. सभेतला चहा साखर वेगळी ठेवून द्यावा. जेवणावळीच्या मेजावरील मिठाची बशी उचलावी. ज्याला हवे तो मागून घेईल, आणि बहुतेक मागणार नाहीत. माणशी दिवसाला पाच ग्रॅमहून कमी मीठ, म्हणजे जेमतेम एक चमचा, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा. लोणचे, पापड आणि सुकी मासळी मिळून ती आपण न्याहारीलाच गाठत असू. शक्य असेल त्याने रविवारी मिस्सेला पायी यावे, आणि येताना शेजारच्या घरातील एकट्या म्हाताऱ्याला सोबत घ्यावे. प्रत्येक घराने एकच सवय निवडावी, ती रोजच्या एखाद्या ठरलेल्या कामाला बांधावी, आणि ती अंगवळणी पडेपर्यंत दुसरीकडे ढुंकूनही पाहू नये. यात छायाचित्र काढण्याजोगे काही नाही. म्हणूनच ते टिकण्याजोगे आहे.

ते गृहस्थ आता कुबडीच्या आधाराने अंगणात येतात. परवा आम्ही गेलो तेव्हा त्यांनी पाच किलोमीटरचा विषय काढला नाही. "फादर, रोज सकाळी तुळशीच्या कट्ट्यापासून विहिरीपर्यंत बारा फेऱ्या. काल चुकल्या. आज झाल्या," एवढेच ते म्हणाले. शेजारच्यांच्या अंगणातला तो तुळशीचा कट्टा आणि आपली विहीर, यांतले अंतर त्यांना आता पावलापावलाने ठाऊक झाले आहे. त्यांच्या पत्नीने या वेळी मान फिरवली नाही.

तो वार गुरुवार होता.